ऑक्टोबर ते ओस्टर्न

ऊर्मिलाताई पेठ्यांनी सव्वीस वर्षांत दिवाळीची रजा एकदाही घेतली नाही. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइम आणि आसपासच्या मराठी मंडळींना हे पाठ झालं होतं. फराळाच्या कार्यक्रमाला त्यांचे यजमान देवदत्त यायचे, लहानगी लेक तनया यायची, आणि कुणी विचारलंच तर देवदत्त म्हणायचे, "तिचा सीझन चालू आहे."

ऊर्मिलाताई टायरच्या दुकानात कामाला होत्या. जर्मनीत हिवाळ्याचे टायर वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे. हिवाळी टायर ऑक्टोबरात चढवायचे आणि ईस्टरला, म्हणजे तिथल्या भाषेत ओस्टर्नला, उतरवायचे. 'ओ पासून ओ पर्यंत' असं तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. त्यामुळे वर्षातले दोन महिने दुकानासमोर गाड्यांची रांग लागायची. आता हे दोन महिने नेमके आपल्या दिवाळीवर आणि गुढीपाडव्यावर येऊन बसतात, त्याला कोण काय करणार?

गेल्या जूनमध्ये गुडघ्यांनी फारच कुरकुर सुरू केली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. सप्टेंबर लागला आणि त्या घरात अस्वस्थ फिरू लागल्या. सकाळच्या हवेत गारवा आला की त्यांना आपोआप वाटायचं, आता फोन सुरू होतील. आणि एका रविवारी खरंच फोन आला. तनयाचा.

तनया कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत काम करायची आणि तिथून बारा किलोमीटरवर जंगलातल्या एका गावात राहायची. 'आई' हा एवढा एक शब्द सोडला तर ती घरी जर्मनच बोलायची. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. तिने एक वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. गाडीबरोबर आले ते फक्त उन्हाळी टायर, वीस इंची, दिसायला झोकदार.

"आई, मी बारमाही टायर टाकून मोकळी होते. वर्षातून दोनदा बदलायची कटकट नको, आणि माझ्याकडे दुसरा संच ठेवायला तळघरही नाही. मी तक्ता केलाय, पाठवते. तू फक्त एकदा बघ."

ऊर्मिलाताईंनी शांत आवाजात "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. टायर या विषयावर त्यांच्या मुलीने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं होतं.

त्यांचं आणि टायरचं नातं तसं संगमनेरपासूनचं. त्यांचे वडील विष्णुपंत यांचा पुणे-नाशिक रस्त्यावर टायर रिमोल्ड करायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक बॉयलर आणि चार साचे. ट्रकचे गुळगुळीत झालेले टायर यायचे, त्यांना खरवडून, नवं रबर चढवून, वाफेच्या साच्यात घालून परत रस्त्यावर धाडायचे. शाळा सुटली की ऊर्मी दप्तरासकट तिथेच. भाजलेल्या रबराचा वास तिच्या फ्रॉकला, वेणीला, वह्यांनाही लागायचा. आई वैतागायची, म्हणायची, पोरीच्या अंगाला असला वास येत असेल तर सोयरीक कोण जुळवणार? विष्णुपंत हसायचे आणि लेकीला पुढच्या टायरवर हात फिरवायला सांगायचे.

"डोळ्यांनी नको. तळव्यानं बघ. टायर खोटं बोलत नाही, बाळ. गाडीनं त्याला जसं वागवलं, तसं तो सांगतो."

पुढे ऊर्मीने नाशिकला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, वर्गात तीनच मुली होत्या. लग्न झालं, आणि देवदत्तांना र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात इंजिन चाचणीच्या विभागात नोकरी लागली म्हणून जोडपं जर्मनीला आलं. देवदत्तांचं बस्तान तिथे उत्तम बसलं. ऊर्मिलाताईंचा डिप्लोमा मात्र कुठल्याच कचेरीत कुणाला कळेना. एका बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि पाळणाघरात मदतनीस व्हाल का म्हणून विचारलं. मग तनया झाली, आणि प्रश्न तात्पुरता मिटला. दिवसभर मूल, संध्याकाळी टीव्हीवरच्या पोलिसी मालिका. त्यांचं जर्मन त्या मालिकांवरच पोसलेलं.

तनया दोन वर्षांची असताना विष्णुपंत लेकीकडे आले. ऑक्टोबरचा महिना होता. देवदत्त कामावर, म्हणून गाडीचे टायर बदलून आणायचं काम ऊर्मिलाताईंकडे आलं, आणि विष्णुपंत आपणहून बरोबर निघाले. बाल्त्सर नावाच्या धिप्पाड गृहस्थांचं ते दुकान. आपला नंबर यायची वाट पाहत बापलेक बाकावर बसले होते, आणि समोर एक गिऱ्हाईक बाल्त्सरांशी हुज्जत घालत होतं. एकाच वर्षात पुढचे टायर दुसऱ्यांदा गेले होते, तुम्ही मला हलका माल दिलात, असं त्याचं म्हणणं. बाल्त्सर लालबुंद झाले होते.

विष्णुपंतांना भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण भांडण कशावरून आहे हे टायर बघूनच कळलं. ते उठले, उतरवून ठेवलेल्या टायरपाशी उकिडवे बसले आणि त्यावरून तळवा फिरवला. एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. मग लेकीला म्हणाले, "ऊर्मे, ये, हात लाव."

एका बाजूने हात नेला तर रेशीम, उलटा आणला तर करवतीचे दाते.

"टायर बिचारा निर्दोष आहे," विष्णुपंत म्हणाले. "पुढची चाकं एकमेकांकडे बघत चाललीत. सरळ चालत नाहीत. त्यांची नजर सरळ करायला सांग."

ऊर्मिलाताईंनी धीर केला. चाकांच्या अलाइनमेंटला जर्मनमध्ये काय म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण 'निर्दोष' हा शब्द पोलिसी मालिकांमुळे पक्का येत होता. त्यांनी तोच वापरला. हे टायर निर्दोष आहेत, गुन्हेगार दुसराच आहे, असं म्हणत त्यांनी दोन्ही तळवे चाकांसारखे एकमेकांकडे वळवून दाखवले. बाल्त्सरांनी गाडी मोजणीच्या यंत्रावर घेतली. विष्णुपंतांनी सांगितलं होतं तसंच निघालं.

जाताना बाल्त्सरांनी विष्णुपंतांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि लेकीला विचारलं, तुम्हाला हे किती येतं? ऊर्मिलाताई म्हणाल्या, बरंचसं. बाल्त्सर म्हणाले, सोमवारी सात वाजता या.

तो सोमवार दिवाळीच्या आठवड्यातलाच होता. विष्णुपंत म्हणाले, जा, तनयाला मी आणि जावईबापू बघतो. त्या वर्षी पहिल्यांदा देवदत्तांनी चकल्या पाडल्या. तुकडेच जास्त झाले. पण विष्णुपंतांनी ते तुकडे चहात बुडवून खाल्ले आणि रात्री लेक काळेभोर हात घेऊन घरी आली तेव्हा तिच्याकडे असे बघत राहिले की ते बघणं ऊर्मिलाताईंना आजही जसंच्या तसं आठवतं. पुढच्या वर्षी ते गेले. शेडही विकली गेली.

मग एकामागून एक सीझन. दिवाळीच्या पहाटे त्या पाच वाजता तनयाला उठवायच्या, तेल-उटणं लावून न्हाऊ घालायच्या, एक पणती लावायच्या आणि सातला दुकानात हजर. पोरगी उटण्याचा वास घेऊन पेंगत शाळेत जायची. संध्याकाळी ऊर्मिलाताई परत येईपर्यंत कार्यक्रम उरकलेला, रांगोळी फिसकटलेली. हातांच्या रेषांमधली काजळी काही निघायची नाही, म्हणून तनया म्हणायची, लाडू मी माझ्या हाताने घेते. ते वाक्य साधंच होतं. पण ते त्यांच्या मनात रुतून बसलं.

हे सगळं त्या रविवारी खिडकीशी उभं असताना त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि लेकीचा तक्ता उघडला.

तक्ता कसला, प्रबंधच होता. अकरा टायर, प्रत्येकाचा रोलिंगचा, म्हणजे घरंगळण्याचा, विरोध, आवाज, वजन, आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर कमी होतील याचा हिशोब. देवदत्तांनी खांद्यावरून बघितलं आणि लेकीची बाजू घेतली. ते म्हणाले, हल्ली बर्फ पडतो कुठे, बारमाही काय वाईट? ऊर्मिलाताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही र्युसेल्सहाइममध्ये राहता. ती जंगलात राहते. तिथल्या रस्त्याला दुपारी बारापर्यंत ऊन लागत नाही."

त्यांनी तनयाला फोन लावला आणि सगळं सावकाश सांगितलं. तापमान सात अंशांच्या खाली उतरलं की उन्हाळी रबर आखडतं, म्हाताऱ्याच्या सांध्यांसारखं. बारमाही टायर म्हणजे एकच चप्पल लग्नाला आणि शेताला. चालते, पण दोन्हीकडे थोडी ओशाळते. शिवाय तुझी गाडी इलेक्ट्रिक. पोटात बॅटरी आहे म्हणून ती साध्या गाडीपेक्षा कितीतरी जड. टायरवर भार पेलण्याचा जो आकडा असतो, तो गाडीच्या कागदांवर आहे त्याच्या खाली चालणार नाही, आणि तुझ्या तक्त्यातले तीन टायर तिथेच बाद होतात.

पलीकडे थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला. "म्हणजे, दोनच," तनया म्हणाली. "तिसरा बसतो."

ऊर्मिलाताईंनी आकडा पुन्हा पाहिला. पोरगी बरोबर होती. त्यांना उगाच आनंद झाला.

शेवटी असं ठरलं की ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तनयाने गाडी घेऊन यायचं आणि दोघींनी मिळून दुकानात जायचं. बाल्त्सर आता थकले होते, दुकान त्यांची मुलगी कार्ला बघत होती. गुरुवारी सकाळी दोघी तिथे पोचल्या तेव्हा गेटच्या बाहेरपर्यंत रांग होती. आत शिरताच काउंटरवरचा फोन वाजला आणि ऊर्मिलाताईंचा हात सवयीने पुढे गेला. कार्ला हसली, म्हणाली, उचला ना, फ्राउ पेटे. 'फ्राउ' म्हणजे बाई, आणि 'पेठे' तिथे कुणाच्याच जिभेवर कधी चढलं नव्हतं.

आणि मग त्यांना कुणी सोडेचना. टोपीवाल्या एका आजोबांनी दंड धरला, तुम्ही नसलात तर मला सांगणार कोण म्हणून. एका बाईंनी मुलाच्या गाडीचं विचारलं. ऊर्मिलाताईंनी वाकून, गुडघ्यावर हात टेकत, आजोबांच्या टायरवर तळवा फिरवला आणि सांगितलं की हवा कायम कमी ठेवता तुम्ही, दोन्ही कडा झिजल्यात. आजोबांनी शाळकरी पोरासारखी मान खाली घातली. तनया भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. हे दुकान तिने लहानपणी फक्त बाहेरून, गाडीच्या काचेतून पाहिलं होतं.

तिच्या गाडीचा नंबर यायला अवकाश होता. दोघी मागच्या आवारात कॉफीचे कप घेऊन उभ्या राहिल्या. शेजारी टायरच्या उतरंडी, गार वारा, आणि तोच रबराचा वास.

"मला टायरांचा राग यायचा," तनया म्हणाली. "खरंच सांगते. दर दिवाळीला. तू कधी सुट्टी मागितलीस का गं?"

ऊर्मिलाताईंना नेहमीचं उत्तर देता आलं असतं. सीझन होता, माणसं कमी होती, नवीन देश होता. सव्वीस वर्षं त्यांनी तेच दिलं होतं आणि ते अगदी खोटंही नव्हतं.

"मागितली नाही," त्या म्हणाल्या. "पण तिसऱ्या वर्षी बाल्त्सरांनी आपणहून दिली होती. तुमचा सण आहे म्हणे, दर वर्षी दोन दिवस घेत जा. मीच नको म्हणाले."

तनयाने कप खाली ठेवला. "का?"

"घरी मी कुणाची तरी बायको होते, कुणाची तरी आई. इथे त्या दोन महिन्यांत दिवसाला चाळीस माणसं मला शोधत यायची. मला ते हवं होतं. तू माझी वाट बघत खिडकीत बसलेली असायचीस हे माहीत असून हवं होतं. तुझ्या बाबांना ठाऊक आहे. तुला कधी सांगायचा धीर झाला नाही."

आत यंत्राचा खडखडाट चालू होता, कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. ऊर्मिलाताईंना वाटलं, चुकलं आपलं, एवढ्या वर्षांनी हे उकरून काढायला नको होतं. पोरगी आता गाडीची किल्ली घेईल आणि निघून जाईल.

"मागच्या ख्रिसमसला मी आले नाही," तनया अखेर म्हणाली. "प्रयोग मध्येच थांबवता येत नाही असं सांगितलं होतं तुम्हाला. थांबवता आला असता. मला थांबवायचा नव्हता."

तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर राग नव्हता. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. एवढ्यात कार्लाने दारातून हाक दिली की पांढरी इलेक्ट्रिक गाडी वर घेतली आहे.

गाडी वर चढल्यावर वेगळीच गोष्ट समोर आली. झोकदार वीस इंची उन्हाळी टायर पुढच्या चाकांचे ठीक होते, मागच्या चाकांचे मात्र पार संपत आले होते. जोर सगळा मागच्या चाकांवर, आणि इलेक्ट्रिक गाडी उभ्या जागेवरून एकदम ओढ घेते. आधीच्या मालकाने ती सिग्नलला सिग्नल पळवली असणार. म्हणजे आता हिवाळी संच तर हवाच, पण पुढच्या उन्हाळ्यासाठीही नवा संच घ्यावा लागणार. बारमाहीचा विषय पुन्हा निघाला. कार्लाने दोन्ही बाजू सांगितल्या आणि बाजूला झाली.

तनया मघापासून आईकडे बघत होती. ती म्हणाली, "हो. दोन संच. एक इथे दुकानातच ठेवू. पण उन्हाळ्याचा मी निवडणार."

हिवाळ्याचा आईने निवडला. वीसऐवजी अठरा इंची, थोडा अरुंद, डोंगर आणि हिमकणाची खूण असलेला, ओल्या रस्त्यावर सगळ्यात कमी अंतरात थांबणारा. तनयाने दाखवून दिलं की दुसरा एक टायर घेतला तर एका चार्जिंगमध्ये पंधरा किलोमीटर जास्त मिळतील. ऊर्मिलाताई म्हणाल्या, "मिळतील. पण मला तू कुठवर जातेस यापेक्षा कुठे थांबतेस याची काळजी जास्त." तनयाने वाद घातला नाही. उन्हाळ्याचा संच मात्र तिने तिच्या तक्त्याप्रमाणे निवडला, एकोणीस इंची, हलका घरंगळणारा. ऊर्मिलाताईंना त्याचा रबराचा थर जरा पातळ वाटला. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. संगमनेरच्या शेडमध्येही एकदा असंच झालं होतं. एका ट्रकसाठी ऊर्मीने निवडलेली नक्षी विष्णुपंतांना मनातून पसंत नव्हती, तरी त्यांनी तीच साच्यात घातली होती.

त्या वर्षीची दिवाळी ऊर्मिलाताईंनी घरी काढली. आणि खरं सांगायचं तर ती त्यांना जड गेली. चकल्या हे आता देवदत्तांचं खातं होतं आणि ते त्यात कुणाला हात लावू देईनात. दहा वाजता ऊर्मिलाताईंनी घड्याळ बघितलं. आता चारही लिफ्टवर गाड्या असतील. अकराला पुन्हा बघितलं. संध्याकाळी तनया आली, लक्ष्मीपूजन झालं, आणि मग ती दोघांना गाडीतून फिरवायला घेऊन गेली. माइन नदीच्या काठाने गाडी अगदी हलक्या चालीने निघाली. तीस वर्षं इंजिनांचे आवाज तपासलेले देवदत्त मागे बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, ऐकायला काहीच नाही गं. मग आणखी थोड्या वेळाने म्हणाले, फक्त टायर ऐकू येतात. ऊर्मिलाताई डोळे मिटून तेच ऐकत होत्या.

जानेवारीत एका बुधवारी सकाळी आठ वाजता तनयाचा फोन आला. रात्रभर बर्फ पडला होता. जंगलातल्या उतारावर, वळणाच्या पलीकडे, पाईनचं एक झाड रस्त्यावर आडवं पडलेलं तिला अगदी शेवटी दिसलं.

"आई, थांबली गाडी," ती म्हणाली. "मध्ये दोन मीटर राहिले असतील. नुसती थांबली."

ऊर्मिलाताईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून घेतली, पण आवाज सांभाळला. गाडीचे धोक्याचे दिवे लावलेस का, इशाऱ्याचा त्रिकोण मागे ठेवलास का, पिवळं जाकीट घातलंस का, सगळं एकेक करून विचारलं. तिने सगळं केलं होतं. अग्निशमन दलाला कळवलं होतं, त्यांना यायला अर्धा तास लागणार होता.

"मग बोलत राहू का?" तनयाने विचारलं.

बोलत राहिल्या. तनया जर्मनमध्ये आणि ऊर्मिलाताई मराठीत. तनयाने विचारलं, आजोबा दिसायला कसे होते, तिला आठवत नाहीत. ऊर्मिलाताईंनी त्यांच्या खांद्यावरचा पंचा सांगितला, चहात बुडवलेले चकलीचे तुकडे सांगितले, बॉयलरच्या कडेला ते भुईमुगाच्या शेंगा भाजायचे ते सांगितलं. मग तनयाने तिच्या प्रयोगाबद्दल सांगितलं, त्यातलं निम्मं ऊर्मिलाताईंना कळलं नाही. संस्थेतल्या एका माणसाबद्दल ती जरा जास्तच बोलली, ते मात्र नीट कळलं. देवदत्त दारात येऊन खुणेने विचारून गेले, त्यांना हातानेच 'ठीक आहे' सांगितलं.

पलीकडून करवतीचा घरघराट ऐकू आला. झाड कापायला माणसं आली होती. तनया म्हणाली, रस्ता मोकळा होतोय, ठेवते, संध्याकाळी करते फोन. ऊर्मिलाताई म्हणाल्या, सावकाश जा.

फोन ठेवल्यावर त्यांनी गार झालेला चहा पुन्हा गरम केला आणि देवदत्तांना हाक मारली.